माशीवाली जाऊ

टोमॅटोच्या वेली तारेला बांधायचं काम थोरलीनं कधी दुसऱ्यावर सोडलं नव्हतं. सुतळी घट्ट झाली तर खोड कापतं, सैल राहिली तर फळांच्या ओझ्यानं वेल मातीत लोळते. हा अंदाज बोटांत असावा लागतो, तो सांगून शिकवता येत नाही, असं तिचं ठाम मत होतं. यंदा तर शिकवायला माणूसही नव्हतं. नवऱ्याचा उजवा खांदा आखडला होता. शर्टात हात घालायचा म्हटलं तरी तो डोळे मिटून घ्यायचा. लावणीपासून सगळं तिच्याच अंगावर पडलं होतं.

त्या सकाळी ती घराकडच्या पहिल्या ओळीत ओणवी होऊन बांधत चालली होती. एक शेंडा हातात आला आणि ती थबकली. पानं वाटीसारखी वर वळलेली, कडांना पिवळसर झाक, आणि शेंडा असा आखूड झालेला की कुणी मुठीत आवळून सोडला असावा. तिनं पान उलटं केलं. खालून पिठाची चिमूट उधळावी तशा बारीक पांढऱ्या माश्या उडाल्या, हवेत जरा भिरभिरल्या आणि शेजारच्या पानाखाली जाऊन गप्प बसल्या.

"बोकड्या," ती स्वतःशीच म्हणाली.

हा रोग एकदा झाडाला लागला की झाड जगतं, पण फळ धरत नाही. औषध नाही. आणि तो नेणारी-आणणारी ही पांढरी माशी. इतकं सगळ्या टोमॅटोवाल्यांना माहीत होतं, तसं तिलाही होतं. ती ओळीनं पुढं गेली. आणखी एक झाड सापडलं, मग त्याच्या पलीकडचं. तिन्ही झाडं घराच्या भिंतीलगत, जिथं कपडे वाळत घालायची तार होती तिच्या अगदी खाली. तारेवर धाकटीचा निळा सदरा वाऱ्यानं हलत होता.

थोरली बराच वेळ त्या सदऱ्याकडे बघत उभी राहिली.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. तिचा नवरा मालट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी घरी यायचा. धाकटी रोज सकाळी डबा घेऊन बसनं पिकांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या केंद्रात जायची. तिथल्या कीटकांच्या खोलीत तिला काम होतं, आणि काम काय, तर माश्या पाळायच्या. हीच पांढरी माशी. तिला खायला झाडं द्यायची, एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात काढायची, मोजायची. नोकरी लागली तेव्हा घरात आठवडाभर हसणं चाललं होतं. "लोक गायी-म्हशी पाळतात, आमची धाकटी माश्या पाळते," थोरलीच सगळ्यांना सांगायची, आणि मग धाकटीला विचारायची, "काय गं, दूध किती देतात?" आळीत तिला 'माशीवाली' म्हणायला लागले ते तेव्हापासून.

आता थोरलीला हसू येईना.

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो खांदा धरून बांधावर आला, पान बघितलं आणि म्हणाला, "उपटून टाक. तीनच आहेत."

"तीन दिसतायत. आत किती असतील कुणास ठाऊक."

दुपारी शेजारच्या रानातला पंपवाला आला. त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि बांधाला बांध लागून टोमॅटोही होता. त्याची नजर आधी उपटलेल्या झाडांवर गेली, मग थोरलीवर.

"वहिनी, एक बोलू का? राग मानू नका."

"राग येईल असंच बोलणार असशील तर बोलूनच टाक."

"यंदा या अंगाला कुणाकडेच नाही बोकड्या. मी सगळीकडे फिरतो, पंप बघायला. तुमच्याच घरापासून सुरुवात झाली. आणि तुमच्याच घरात..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं आणि तारेकडे हनुवटी उडवली.

थोरलीच्या मनात जे सकाळपासून होतं तेच त्यानं बोलून दाखवलं होतं. तरी ती फणकारली, "आमच्या घरातलं आम्ही बघू." पण तो गेल्यावर तिनं तो निळा सदरा तारेवरून काढला, दोन बोटांच्या चिमटीत धरून, आणि गोठ्यामागच्या दगडावर नेऊन टाकला.

संध्याकाळी धाकटी फाटकातून आत आली तेव्हा थोरली ओट्यावर उभीच होती.

"तिथंच थांब."

धाकटी थांबली. एक पाय आत, एक बाहेर.

"आजपासून गोठ्यामागे अंघोळ करायची. पाणी ठेवलंय. कपडे तिकडंच धुवायचे, तिकडंच वाळत घालायचे. मगच घरात यायचं. आणि रानात पाऊल टाकायचं नाही."

"काय झालं, ताई?"

"बोकड्या आलाय. तारेखालच्या झाडांना."

धाकटीच्या तोंडाचा रंगच उतरला. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण थोरलीच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. पिशवी दाराशी ठेवली आणि ती गोठ्यामागे गेली. तिथं आडोसा म्हणून पत्र्याचा एक तुकडा होता, तोही कमरेएवढा. थंडीचे दिवस होते. थोरलीला आतून तांब्याचा आवाज ऐकू येत होता, आणि प्रत्येक तांब्यागणिक पाणी अंगावर पडल्यावर निघणारा दबका हुंकार.

सासूबाईंना कमी ऐकू यायचं, पण डोळे शाबूत होते. "ती बाहेर का अंघोळ करतेय?" त्यांनी विचारलं.

"माश्या आणल्या तिनं घरात!" थोरली मोठ्यानं म्हणाली. इतकं मोठ्यानं की पत्र्यापलीकडे ऐकू जावं.

"मासे? आता या वेळी कुठला मासेवाला?" सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा भिंतीला टेकल्या.

पुढच्या दिवसांत रोज नवी झाडं सापडत गेली. थोरली उजाडायच्या आत रानात जायची, आजारी झाड शोधायचं, त्याच्यावर गोणी उलटी घालायची, तोंड आवळायचं आणि मग मुळासकट ओढायचं, म्हणजे माश्या गोणीतच राहतात. बांधापलीकडच्या खड्ड्यात नेऊन जाळायचं. तिच्या तळहातांना सुतळीचे आणि मुळांचे चरे पडले होते. कंबर अशी धरायची की सरळ उभं राहताना एक हात गुडघ्यावर रेटावा लागे. धाकटी ओट्यावरून बघत बसायची. ती स्वतःचं ताट वेगळं घ्यायला लागली होती, कुणी न सांगता. थोरलीला ते दिसत होतं. पण तिनं नको म्हटलं नाही.

मग एके दिवशी पंपवाला आणखी दोघा शेजाऱ्यांना घेऊन आला. तिघं थोरलीच्या नवऱ्यासमोर बसले.

"दादा, एकेक झाड काढून हे थांबायचं नाही," पंपवाला म्हणाला. "सगळं रान मोडून टाका. तुमचं गेलं तर गेलं, निदान आमचं वाचेल. ट्रॅक्टर मी देतो."

वेलींवर हिरव्या फळांचे घोस लटकत होते, काहींना नुकती पिवळी कळा येत होती. थोरलीच्या नवऱ्यानं ते बघितलं आणि मान खाली घातली. "तुम्ही म्हणताय ते खरं आहे," तो म्हणाला.

"काय खरं आहे?" थोरली आतून बाहेर आली. "मी चार महिने कंबर मोडून घेतली ती ट्रॅक्टर फिरवायला?"

"मग काय करायचं तूच सांग."

तेवढ्यात मागून धाकटीचा आवाज आला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच पुरुषांसमोर बोलत होती, आणि आवाज जरा कापरा होता.

"एकदा आमच्या केंद्रातल्या मॅडमना बघू द्या. माझ्यामुळे आलं असेल तर मी नोकरी सोडते. पण आधी बघू द्या."

"मॅडम तुमच्याच," थोरली म्हणाली. "त्या काय स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार?"

"मग तुम्ही पण चला, ताई. सगळं तुमच्या डोळ्यांनी बघा. मी काय सांगते त्यावर जाऊ नका."

पंपवाला कुरकुरला, पण शेवटी कबूल झाला. आजारी झाडं वाढत गेली तर मात्र ट्रॅक्टर आणणार, एवढं त्यानं बजावलं.

मॅडम दुसऱ्याच दिवशी सकाळी आल्या. लहानखुऱ्या चणीच्या, पायात चिखलाचे बूट. थोरलीनं मनात त्यांचं जे चित्र काढलं होतं त्यात बूट नव्हते. गारठ्यात माश्या सुस्त असतात म्हणून त्या इतक्या लवकर आल्या होत्या. त्यांनी खिशातून एक काचेची नळी काढली. तिला रबरी नळी जोडलेली, मध्ये जाळीचं कापड. रबरी टोक तोंडात धरायचं, काचेचं टोक माशीजवळ न्यायचं आणि हलकेच श्वास आत ओढायचा. माशी काचेत येऊन बसायची.

"आणि गिळली तर?" थोरलीनं विचारलं.

"म्हणून तर कापड आहे," धाकटी म्हणाली. "धरून बघता का?"

थोरलीनं धरलं. पहिल्यांदा इतका जोरात श्वास ओढला की माशीसोबत पानच येऊन चिकटलं. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा एक माशी आत गेली. तिनं नळी उजेडात धरली. सूक्ष्म, पांढरीशुभ्र, मैद्यात घोळवल्यासारखी. इतकुशा जिवानं आपली झोप उडवली, या विचारानं तिला रागापेक्षा नवलच जास्त वाटलं.

आजारी पानंही घेतली, आणि त्याच दिवशी थोरली त्यांच्याबरोबर केंद्रात गेली.

कीटकांच्या खोलीला एकापाठोपाठ एक अशी दोन दारं होती. पहिलं पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. मधल्या जागेत भिंतीवर पिवळे चिकट कागद लावलेले, वर पंखा. धाकटीनं तिला पांढरा कोट दिला, केसांवर टोपी चढवली, बाह्यांची टोकं रबरानं बांधली. आत शिरल्यावर उष्ण, दमट हवा अंगावर आली. मांडण्यांवर जाळीचे पिंजरे, पिंजऱ्यात झाडं, झाडांवर माश्या. धाकटी एका पिंजऱ्यापुढे मान वाकवून उभी राहिली, पिंजऱ्याला शिवलेल्या कापडी बाहीतून हात आत घातले आणि काम सुरू केलं. नळीनं एकेक माशी उचलायची, बारीक कुपीत सोडायची, पुन्हा उचलायची. बसायला काही नव्हतं. थोरली तिची मान बघत राहिली. घरी आल्यावर ही बाई मानेला हात लावून बसते तेव्हा आपण म्हणतो, 'पंख्याखाली बसून कसली गं दमतेस?'

बाहेर पडताना धाकटीनं दोघींचे कोट पिशवीत बांधले, ते उकळत्या पाण्यात जायचे होते. मग ब्रशनं थोरलीचे आणि स्वतःचे कपडे झटकले, शेजारच्या न्हाणीत जाऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि वेगळे कपडे घालून आली.

"हे आज माझ्यासाठी केलंस की काय?" थोरलीनं विचारलं.

"रोजच करते, ताई. पिंजऱ्यात हात घालणाऱ्याला त्याशिवाय बाहेर सोडतच नाहीत."

"म्हणजे रोज इथं अंघोळ करून येतेस, आणि वर मी तुला गोठ्यामागं..." थोरलीनं तिच्या ओल्या केसांकडे बघितलं. "मग बोलली का नाहीस?"

"त्या दिवशी तुम्ही ऐकून घेतलं असतं का?"

थोरलीनं तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

मॅडमनी त्यांना आपल्या टेबलापाशी बसवलं, चहा मागवला. थोरली आडपडदा ठेवणारी नव्हती. "खरं सांगा, आमचा रोग तुमच्या खोलीतून आलाय का?"

"छातीठोक 'नाही' म्हणता येत नाही मला," मॅडम म्हणाल्या. "हाच व्हायरस आमच्या पिंजऱ्यांत पण आहे. पण त्याचेही प्रकार असतात. तुमची पानं आणि आमची पानं, दोन्ही बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवते. ते जुळवून बघतील."

"आणि जुळलं तर?"

"तर ही खोली बंद होईल. चूक आमची."

"हिची नोकरी?"

"जाईल. कदाचित माझीही."

त्यांनी हे इतक्या सरळ सांगितलं की थोरलीचा निम्मा संशय तिथंच गळाला. धाकटी चहाच्या कपात बघत बसली होती.

"एक विचारू?" थोरली म्हणाली. "झाडाची वाट लागते, मग ही माशी कशी मरत नाही? रोग तर तिच्याच पोटात असतो ना?"

मॅडम एकदम खुलल्या, कुणी त्यांच्या लेकराचं कौतुक करावं तशा. "आम्ही तेच तर शोधतोय. माशी आजारी झाडाचा रस पिते, व्हायरस तिच्या पोटात जातो. आतड्यातून आरपार रक्तात, रक्तातून थुंकीत. थुंकीत पोचला की ती जिथं सोंड खुपसेल ते झाड गेलं. पण माशीचं शरीर हातावर हात ठेवून बसत नाही. तिच्या शरीरातल्या बारीक पेशी आहेत ना, त्यांच्या आत छोट्या पिशव्या तयार होतात. व्हायरसला पिशवीत कोंडायचं आणि तिथंच पचवून टाकायचं."

"गोणीत घालून जाळतो तसं."

"अगदी तसं. सगळा संपत नाही, पण डोईजडही होऊ देत नाही. काही माश्यांचं शरीर इतकं पचवतं की थुंकीपर्यंत फारसा पोचतच नाही. अशी माशी झाडावर बसली तरी झाड सहसा आजारी पडत नाही. पण सारखं लढण्यात तिचंही अंग झिजतं. अंडी कमी होतात, आयुष्य कमी होतं. म्हणून बहुतेक वेळा दोघांची तडजोड असते. तो हिला मारत नाही, ही त्याला पुरता हाकलत नाही."

"म्हणजे एका घरात नांदायचं, पण रोज भांडून," थोरली म्हणाली.

मॅडम खळखळून हसल्या. धाकटीनं कपाच्या आड तोंड लपवलं.

"आता तुमच्या रानातल्या माश्या पसरवणाऱ्या आहेत की पचवणाऱ्या, तेच बघायचंय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी निरोगी रोपांचे ट्रे मागवले. प्रत्येक रोपावर बारीक जाळीची टोपी, आणि प्रत्येक टोपीत थोरलीच्या रानातल्या काही माश्या. माश्यांना दोन दिवस रस पिऊ द्यायचा, मग काढून टाकायच्या आणि रोपाची वाट बघायची. शेंडा आवळला तर माशीनं रोग दिला. सरळ वाढला तर नाही.

"किती दिवस?"

"तीन आठवडे तरी."

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. खिडकीतून गार वारा येत होता, धाकटीचे केस अजून ओले होते. थोरलीनं हात लांब करून खिडकीची काच ओढली. ती अर्ध्यात अडकली. मग तिनं स्वतःचा डोक्याचा रुमाल सोडून धाकटीच्या मांडीवर टाकला. "बांध. सर्दी झाली तर तुझ्या माश्यांना कोण बघणार?"

घरी गेल्यावर थोरलीनं गोठ्यामागची बादली उचलून आत आणली. कुणी काही विचारलं नाही. जेवताना तिनं धाकटीचं ताट ओढून आपल्या ताटाला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून कामावर जायच्या आधी धाकटी रानात यायला लागली. तिला पानाच्या पाठीवरची माश्यांची पिल्लं दिसायची. खवल्यासारखी चिकटलेली, पारदर्शक. थोरलीच्या डोळ्यांना ती धूळ वाटायची. धाकटी बोट ठेवायची, थोरली गोणी घालायची. कोवळ्या उजेडात दोघींच्या तोंडातून वाफ निघायची. बांधाजवळची पंपवाल्याची ओळही त्या बघायच्या, त्याला न विचारता. आजारी दिसलं की त्याला हाक मारून दाखवायच्या. पहिले काही दिवस तो नुसता हुंकार द्यायचा. नंतर तो स्वतःच गोणी घेऊन यायला लागला.

"सुतळी बांधायला शिकवा ना," एकदा धाकटी म्हणाली.

"ते शिकवून येत नाही."

"नळी ओढायला पण शिकवून येत नाही. तुम्हाला आली की."

"पानासकट आली," थोरली म्हणाली. पण तिनं सुतळीचं बंडल पुढं केलं. धाकटीची पहिली गाठ सैल झाली, दुसरी आवळली. तिसऱ्या गाठीला थोरली गप्प राहिली, म्हणजे ती बरी होती.

दर आठवड्याला थोरली केंद्रात जाऊन ट्रे बघून यायची. एका आठवड्यात काहीच नाही. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यातल्या एका रोपाचा शेंडा आवळला आणि तिनं त्याच्याकडे बोट केलं. "एकच आहे," मॅडम म्हणाल्या. "थांबा."

आणि नेमकं तिसरा आठवडा संपत असताना रानात एका सकाळी आजारी झाडांचा घोळका दिसला. एक नाही, दोन नाही, मधल्या ओळीत सलग. धाकटी एकेका झाडावर बोट ठेवत गेली. थोरलीनं गोण्या आणल्या, पण गोण्या पुरेनात. ती हकीकत पंपवाल्याला कळायला वेळ लागला नाही.

"वहिनी, बोलल्याप्रमाणे मी थांबलो," तो म्हणाला. या वेळी आवाजात उद्धटपणा नव्हता, नुसती भीती होती. "माझीही पोरंबाळं आहेत. उद्या ट्रॅक्टर येतोय. दादांनी हो म्हटलंय."

थोरलीनं नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "किती दिवस तू एकटी ओढशील? माझ्यानं बघवत नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला भांडताही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भांडी तशीच टाकून धाकटीबरोबर बसमध्ये बसली. ट्रॅक्टर दुपारी येणार होता. आपल्या डोळ्यांदेखत तो फिरताना बघायचा नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. दुसरी कसली आशा उरली नव्हती.

मॅडमनी ट्रे बाहेर आणून ठेवले होते. थोरली पुढं झाली. टोप्या काढलेल्या होत्या. रोपं वीतभर वाढलेली, पानं पसरट, गर्द हिरवी. तिनं एकेका शेंड्याला बोट लावून बघितलं, लहान मुलाचा ताप बघावा तसं. एका ट्रेमध्ये एक रोप आवळलेलं. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात एकही नाही. बाकी सगळी सरळ.

"याचा अर्थ काय?" तिनं विचारलं, पण अर्थ तिच्या छातीत उतरायला लागला होता.

"तुमच्या माश्यांच्या पोटात व्हायरस आहे, आम्ही तपासलं. पण बहुतेकींच्या थुंकीत तो नावापुरताच पोचलाय," मॅडम म्हणाल्या. "त्यांचं शरीर सध्या वरचढ आहे. का, ते मलाही पुरतं माहीत नाही. थंडीमुळे असेल, माशीच्या जातीमुळे असेल. पण पसरायचा वेग कमी आहे, आणि तुम्ही झाडं काढताय त्यामुळे आणखी कमी होतोय. रान मोडू नका."

"पण काल मधली ओळच्या ओळ गेली!"

"ती काल नाही गेली. रोग लागतो आधी, दिसतो मागाहून. तुम्ही काढायला लागलात त्याच्या आधीच ती झाडं लागलेली होती. आज सकाळी नवीन किती दिसली?"

थोरलीनं धाकटीकडे बघितलं. "एकही नाही," धाकटी म्हणाली.

"आणि हे पण आलंय." मॅडमनी फोनवर आलेला निकाल उघडला. "तुमचा व्हायरस आमचा नाही. वेगळा प्रकार आहे. यंदा बऱ्याच भागांत तोच सापडतोय."

धाकटीनं भिंतीला हात लावला आणि सावकाश खाली बसली.

"मग आणला कुणी?" थोरलीनं विचारलं.

"कुणी नाही. माश्या वाऱ्यानं लांब लांब जातात."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

एवढा राग, एवढी थंड पाण्याची अंघोळ, एवढे टोमणे, आणि शेवटी कुणीच नाही. मग थोरलीला हसू फुटलं. ते थांबेना, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले. तीही धाकटीच्या शेजारी फरशीवर बसली. "माझं चुकलं गं," ती म्हणाली. "तुझा सदरा मी चिमटीत धरून टाकला होता."

"मला माहीत आहे, ताई. सासूबाईंनी सांगितलं."

"म्हातारीला ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं!" थोरली म्हणाली, आणि एकदम ताडकन उठली. "अगं, ट्रॅक्टर!"

नवऱ्याचा फोन लागेना. पंपवाला उचलेना. मॅडमनी केंद्राची गाडी काढली. थोरली सारा रस्ता पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून बसली होती, जणू तिच्या ढकलण्यानंच गाडी चालली होती. फाट्यापुढच्या कच्च्या वाटेवर गाडी जाईना, तशा दोघी उतरून पळत सुटल्या. थोरली आपली कंबर कधीच विसरली होती.

ट्रॅक्टर बांधावर उभा होता. पुढची दोन चाकं पहिल्या ओळीत शिरलेली, इंजिन सुरू. नवरा पाठ करून उभा होता. थोरली सरळ जाऊन ट्रॅक्टरच्या नाकासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. तिला धाप इतकी लागली होती की शब्द फुटेना. मागून आलेल्या धाकटीनंच ओरडून सांगितलं, "थांबवा! रान मोडायचं नाही!"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. अचानक इतकी शांतता झाली की पानांवरून वारा जाताना ऐकू आला.

थोरलीनं श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. रोपं, थुंकी, मधली ओळ, प्रयोगशाळेचा निकाल. क्रम चुकला, धाकटीनं तो मध्येमध्ये नीट लावला. पंपवाला तोंड उघडं टाकून ऐकत होता. "म्हणजे माशीच्या पोटातच तो मरतोय?" त्यानं विचारलं.

"निम्मा तरी मरतोय. उरलेला आपण काढायचा," थोरली म्हणाली. "आणि एक सगळ्यांसमोर सांगते. मी हिच्यावर आळ घेतला होता. तो खोटा होता."

"वहिनी, सुरुवात मीच केली होती," पंपवाला पुटपुटला आणि पायानं ढेकूळ फोडत राहिला.

थोरलीच्या नवऱ्यानं डाव्या हातानं तोंड पुसलं. तो वेलींकडे वळला, एक पिकायला आलेलं फळ खालून ओंजळीत घेतलं आणि तसाच उभा राहिला.

"मग मी काय करू?" ट्रॅक्टरचा ड्रायव्हर म्हणाला. "एवढ्या लांबून आलोय."

"मागं घे आधी," थोरली म्हणाली. "आणि मग चहा पी."

ट्रॅक्टर मागं आला. पहिल्या ओळीतल्या दोन वेली चाकाखाली वाकल्या होत्या, मोडल्या नव्हत्या. धाकटी खाली बसली, त्या उचलून तारेला लावल्या आणि सुतळी फिरवली. थोरलीनं गाठ बघितली. ना घट्ट, ना सैल. तिनं पुढची सुतळी तोडून तिच्या हातात दिली.

गलका बघून सासूबाई काठी टेकत ओट्यापर्यंत आल्या होत्या. "काय गं, काढायची का झाडं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"नाही!" दोघी जावा एकदमच ओरडल्या.

"नाही तर नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी काय बहिरी आहे का एवढं ओरडायला?"